काय पाहिलंत, काका?

फादर, सुलभाताई, निखिलच्या सोसायटीतली मंडळी, माझे गावकरी, आणि नाक्यावरच्या बाजारातून टोपल्या बाहेर ठेवून आत आलेल्या माझ्या बहिणींनो,

तुम्ही आलात. हॉल भरला, व्हरांडाही भरला. बरं वाटलं असं म्हणवत नाही, पण आधार वाटला. मला बोलायची सवय नाही. मी चर्चमध्ये वाचन करतो, पण ते शब्द दुसऱ्याचे असतात, मी फक्त नीट वाचायचे. आज शब्द माझे आहेत आणि सकाळपासून जुळत नाहीत. मी लोखंड कापणारा माणूस. गोखिवऱ्याला माझं छोटं वर्कशॉप आहे. हत्यार हातात असलं की मला सुचतं. माईक हातात घेऊन काय करायचं ते कळत नाही.

बाहेर फाटकावर फ्लेक्स लागलाय, तो येताना तुम्ही पाहिला असेल. 'दुःखद निधन.' मधे निखिलचा फोटो, भोवती गुलाब, खाली मेणबत्ती. आणि वर फ्लेक्स लावणाऱ्यांचे फोटो, त्याच्या फोटोपेक्षा मोठे. निखिलने पाहिला असता तर म्हणाला असता, "काका, यात मेलंय कोण?"

हसा. हसलात तरी चालेल. त्याला चाललं असतं.

पण गुलाबांचं सोडा, तो शब्द बघा. निधन. निधन माझ्या वडिलांचं झालं, ऐंशी ओलांडून, अंथरुणात, फादरांच्या हातून शेवटचं तेल लावून. निखिल तिशीतला पोरगा. तो वारला नाही. त्याला मारलं. उजेड असताना, भर बाजारात, रस्त्यावर पाडून मारलं. तेरा दिवस लोक मला भेटून म्हणतायत, "फार वाईट झालं हो." झालं नाही. कुणीतरी केलं. त्याला मारलं.

फादर, माफ करा, आवाज चढला.

तुमच्यातल्या काहींना तो नीट ठाऊक नसेल. तो डिझायनर होता. कुठल्या कंपनीत? कुठल्याच नाही. घरी बसून, मिळेल त्याचं काम करायचा. बिल्डिंगमधल्या बायका त्याच्या आईला, सुलभाताईंना विचारायच्या, "मुलगा घरीच असतो का हो?" त्या विचारण्यात काय असायचं ते आपल्याला कळतं. ताई म्हणायच्या, "घरीच असतो, पण रिकामा नसतो." त्याने लग्नपत्रिका केल्या. मसाल्याची पाकिटं केली. आमच्या सणाचं पत्रक केलं. एका शाळेची वेबसाइट केली. एका दवाखान्यात नंबर दाखवणारी स्क्रीन लावली, ती अशी की ज्याला वाचता येत नाही त्यालाही आपला दरवाजा रंगावरून कळावा. माझ्या भावाला केळीचे घड कापायच्या कोयत्याची मूठ करून दिली, घामाने न निसटणारी. मी एकदा विचारलं, "अरे, इतकी वेगवेगळी कामं तुला जमतात कशी?" म्हणाला, "काम एकच आहे, काका. समोरच्याला काय दिसतं ते शोधायचं."

ते शोधायची त्याची एक रीत होती. इथे बसलेल्या बऱ्याच जणांवर त्याने ती वापरली आहे. कागद समोर धरायचा, डोळ्याचं पातं लवेपर्यंत, आणि पालथा करायचा. मग विचारायचा, "काय पाहिलंत?"

आपण म्हणायचं, "छान आहे."

"छान आहे का ते नाही विचारलं. काय पाहिलंत?"

केळ्याच्या वेफर्सचं पाकीट त्याने मला असंच दाखवलं होतं. मी म्हटलं, "माकड."

"माकड? कुठाय माकड? ती केळ्याची साल आहे!"

"मला माकड दिसलं बाबा. शेपटी होती."

माझी बायको शेजारी उभी. ती म्हणाली, "ह्यांना आरशातपण तेच दिसतं." निखिल हसला नाही. त्याने कागद परत उघडला, खूप वेळ बघत बसला आणि म्हणाला, "तुम्हाला दिसलं ना, मग यात माकड आहे. माझंच चित्र चुकलंय." घरी गेला आणि सगळं नव्याने काढलं.

दुसरी एक सवय होती. मी सांगायला लागलो की "पोरांना पण हे आवडेल", तर तो मला थांबवायचा. "तुमचं तुम्ही सांगा, काका. पोरांचं पोरं सांगतील." दुसऱ्याने काय पाहिलं ते तो कधी कुणाला बोलू द्यायचा नाही. हे लक्षात ठेवा. मला शेवटी इथेच परत यायचं आहे.

आमची ओळख रक्तातून झाली. माझ्या शेजारच्या गाळ्यात प्रेस आहे, पत्र्याच्या वाट्या काढणारं. त्याचा दणका बसला की माझी भिंत हादरते. एके दिवशी दणक्याबरोबर किंचाळी आली. मी धावलो. रामसूरतभाई प्रेसवर उभे होते, हात वर धरून, आणि हातातून रक्ताची चिळकांडी माझ्या शर्टावर आली. दोन बोटं साच्यात राहिली होती. वाटीचा आकार आला होता त्यांना. मी ती काढली, या हातांनी. नंतर कित्येक दिवस मला वाटीतून जेवता आलं नाही.

मालकाने निखिलला बोलावलं ते स्टिकरसाठी. म्हणाला, "कवटी काढ मोठी, लाल. खाली 'सावधान'." निखिलने एक ड्रम पालथा घातला आणि प्रेससमोर दिवसभर बसून राहिला. संध्याकाळी मालकाला म्हणाला, "शेठ, ह्यांची नजर साच्यावर असते. कवटीकडे कोण बघणार?"

"मग मी काय माझे डोळे लावू तिथे?"

"दोन बटणं लावा. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येईल. हात बटणावर असले म्हणजे साच्यात नसतील."

"मी तुला स्टिकर सांगितला होता."

"तो पण देतो."

तो कागद घेऊन माझ्या गाळ्यात आला. बटणांचा तो डबा मी कापला. प्रेस आजही चालू आहे, दणका आजही बसतो. रामसूरतभाई मागच्या रांगेत बसलेत... त्यांनी हात वर केला, बघा. उरलेली बोटं सगळी जागेवर आहेत. निखिलचं काम म्हणजे हे.

आता विहिरीचं सांगतो.

आमच्या गावात, वटारला, माझी वाडी आहे, केळी, थोडा मोगरा. रस्त्यापलीकडे एकाने पाणी विकायला सुरुवात केली. पहाटेपासून टँकरची रांग. ते पाणी जातं नव्या बिल्डिंगांना. आमच्या विहिरी खाली गेल्या, मग खारट झाल्या. केळीच्या पानांच्या कडा जळाल्यासारख्या काळ्या पडल्या. आम्ही बोलायला गेलो की टँकरवाले म्हणायचे, "उन्हाळ्यात पाणी उतरतंच. आम्ही उपसतो म्हणून उतरलं कशावरून?" आणि खरंच, दाखवणार कसं? विहिरीत वाकून कोण बघतंय?

एके दिवशी निखिल स्कूटरवरून एका टँकरचा माग काढत वाडीत आला. त्याच्या घरी नळाला खारट पाणी आलं होतं, म्हणून बघायला निघाला होता कुठून येतंय. माझ्या विहिरीच्या काठावर उभा राहिला आणि म्हणाला, "काका, माझ्या बादलीत तुमची विहीर आहे."

मी टोमणा मारला. "मग काय, आंघोळ सोडणार?"

तो वाकून आत बघत राहिला.

मग त्याने कागदावर एक फळा आखला. साधी गोष्ट. विहिरीत एक बंद डबा तरंगता सोडायचा, त्याला दोरी, दोरी चाकावरून रस्त्याच्या कडेच्या उंच फळ्यावर, आणि फळ्यावर काटा. वरचा पट्टा निळा, मधला पिवळा, खालचा लाल. मी पत्रा कापला, चाकं बसवली. पहिला फळा कातरीनमावशीच्या विहिरीवर लावला, कारण ती बसस्टॉपला लागून आहे. मावशी कमरेवर हात ठेवून आली. निखिलने विचारलं, "मावशी, काय पाहिलं?"

"तुजा काटा वर चाललाय. म्हनजे पानी वाढलं."

"नाही मावशी. पाणी खाली गेलं की डबा खाली जातो, दोरी ओढली जाते, म्हणून काटा..."

"पानी खाली न काटा वर? उलट्या डोक्याचा हायेस का रं?"

बसस्टॉपवरचे सगळे हसले. मीही हसलो. निखिलने तिथल्या तिथे फळा उतरवला. म्हणाला, "दोरी समजावून सांगावी लागतेय म्हणजे फळा चुकला." दुसऱ्या दिवशी आणखी चाकं बसवून दोरी फिरवून आणली. पाणी खाली, काटा खाली. मावशी आली, बघितलं, आणि म्हणाली, "हां. आता दिसतं."

आता दिसतं. बाकी काही झालं नाही, फक्त दिसायला लागलं. पलीकडे पंप सुरू व्हायचा आणि अलीकडे बसची वाट बघणाऱ्या माणसांच्या डोळ्यांसमोर काटा पिवळ्यातून लालमध्ये यायचा. "उतरला, बघ, उतरला!" बायका ओरडायच्या. मग त्या रस्त्यात उभ्या राहायला लागल्या, टँकरसमोर. सरकारी साहेब लोक आले, त्यांनीही तो काटा उतरताना पाहिला. पंप बंद ठेवायचा हुकूम निघाला.

तिथून तोडफोड सुरू झाली. पहिला फळा कुदळीने फोडला. दुसरा उपटून विहिरीत टाकला. मग एका सकाळी मावशीला विहिरीत तिचा कुत्रा सापडला. डोकं दगडाने ठेचलेलं. पाणी लाल. अख्खी विहीर उपसावी लागली, ज्या पाण्यासाठी भांडत होतो ते आम्हीच गटारात ओतलं. निखिलला फोन आला. "बोटं फार चालतात तुझी. एकेक करून मोडू." हे त्याने मला सांगितलं तेव्हा तो माझ्या गाळ्यात पत्र्यावर आखणी करत होता. मान वर न करता म्हणाला, "काका, या वेळचा फळा जरा जाड पत्र्याचा करा."

मी जाड पत्र्याचा केला.

आता त्या संध्याकाळचं. मी त्याच्याच नियमाने सांगतो. मी जे पाहिलं तेवढंच.

तेव्हा मी नाक्यावर नव्हतो. वर्कशॉप बंद करून येत होतो. पोचलो तेव्हा मारणारे गेले होते. स्कूटर आडवी, पेट्रोल गळत होतं. मागे बांधलेला नवा फळा मधोमध दुमडला होता. तो पत्रा वाकवायला मला मशीन लागतं. मासळीची टोपली उलटली होती आणि बांगडे रक्तात पडले होते. टँकरचा व्हॉल्व्ह फिरवायची ती लांब लोखंडी चावी रस्त्यावर होती. तिला केस चिकटले होते. काळे, कुरळे केस. निखिलचे.

त्याचे हात पाहिले. एकही बोट सरळ नव्हतं. आधी हात मोडले आणि मग डोकं, असं म्हणतात. ते डॉक्टरांचं, मी पाहिलेलं नाही. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. कवटीची मागची बाजू माझ्या तळहाताखाली हलत होती. रक्त गरम असतं, किती गरम असतं ते मला माहीत नव्हतं. लोक विचारतात, शेवटचं काय बोलला? काही बोलला नाही. तोंडात दात मोडून पडले होते. श्वासाबरोबर लाल फेस येत होता. मी कानात येशूचं नाव घेतलं, मग रामाचंही घेतलं. त्याच्या आईने घेतलं असतं म्हणून.

आणि मी मान वर केली. दुकानांची शटरं अर्धी खाली होती. शटरांखाली मला पावलं दिसली. चपला, बूट, अनवाणी पावलं. सगळी माझ्याकडे बोटं करून उभी. पावलं पाहिली. चेहरे नाही.

हॉस्पिटलात सुलभाताई आल्या. त्याच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत बँडेज होतं. ताई नर्सला म्हणाल्या, "एवढे हात सोडा हो याचे. हात बांधले की याला काही सुचत नाही." पहाटे तो गेला.

त्यानंतर काय झालं? पोलीस आले. चार जणांना धरलं. साहेब मला म्हणाले, "काका, चावी आहे, रक्त आहे. पण 'मी पाहिलं' म्हणणारा माणूस नाही. मला माणूस द्या, नाहीतर ही पोरं बाहेर येतील." मी बाजारात गेलो. एकेकाला विचारलं. एक म्हणाला, मी पाठमोरा होतो. दुसरा म्हणाला, मी पाठमोरा होतो. कुणी मासा कापत होतं, कुणी सुटे पैसे शोधत होतं, कुणाचा चष्मा घरी होता. भर बाजाराच्या वेळी, अख्खा नाका पाठमोरा! कोंबड्यासुद्धा भिंतीकडे तोंड करून होत्या वाटतं.

भीती मला कळते. मीही घाबरतो. ज्याने हे केलं तो तुमच्याही बोटांपर्यंत पोचू शकतो, हे तुम्ही पाहिलंय. म्हणूनच तर तुम्ही पाठमोरे झालात.

माझ्याच गावचा एक भला माणूस घरी आला. म्हणाला, "इनास, तू म्हण ना मी पाहिलं म्हणून. तू चर्चमध्ये वाचतोस, तुझ्यावर कोर्ट विश्वास ठेवील. मारणारे कोण ते सगळ्यांना माहीत आहे." खरं सांगतो, मोह झाला. मी वेदीसमोर जाऊन बसलो. खोटी साक्ष देऊ नकोस, ही देवाची आज्ञा लहानपणापासून पाठ आहे. पण त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की ती आज्ञा माझ्या एकट्यासाठी नाही. ज्याने पाहिलं नाही आणि म्हणतो पाहिलं, तो खोटा. आणि ज्याने पाहिलं आणि म्हणतो पाहिलं नाही, तो?

मी उठलो आणि ठरवलं, मी खोटं बोलणार नाही. निखिलने माझ्या तोंडून पोरांची आवडसुद्धा कधी बोलू दिली नाही. त्याच्या खुनात मी दुसऱ्याने पाहिलेलं माझं म्हणून सांगू?

आणि मागे उभ्या असलेल्या पोरांनो, नळाजवळ काय चाललं होतं ते मी येताना ऐकलं. सभा संपली की टँकर जाळायचे. अरे, माझ्या गाळ्यात सळ्या आहेत. परवा त्यातली एक मी उचलली. हातात तोलून बघितली. रोझरीची माळ जपताना माझ्या डोळ्यांसमोर त्या चौघांचे हात असतात, आणि ते मी प्रेसखाली घालत असतो, एकेक. देवाची आई समोर, आणि मी हे बघत असतो. तुमच्यापेक्षा माझा राग कमी नाही. पण मी सळी परत ठेवली. टँकर जळाला तर उद्याच्या पेपरात टँकरचं येईल. पोलीस तुम्हाला नेतील. आणि नाक्यावर काय झालं ते कायमचं पाठमोरंच राहील.

सोसायटीच्या मंडळींनो, एक कडू बोलतो. आज सकाळी आपण आंघोळ करून, पांढरे कपडे घालून आलो. ते पाणी कुठून आलं, निखिल स्कूटरवरून बघून आला होता. तो बघायला गेला. बाकी कुणी गेलं नाही. एवढंच.

ताई, तुमच्यासमोर हे सगळं बोललो, हात, दात, सगळं. काल तुम्हाला विचारलं होतं की बोलू का. तुम्ही म्हणालात, "झाकून सांगू नका. त्याला चाललं नसतं." म्हणून बोललो.

आता आपण उभे राहू आणि दोन मिनिटं गप्प राहू. ज्याचा जो देव असेल त्याला आठवा. मग मी निखिलचा प्रश्न विचारीन. काय पाहिलंत? कुणी बोलायचं नाही. ज्यांनी त्या संध्याकाळी नाक्यावर काही पाहिलं नाही, त्यांनी खाली बसायचं. ज्यांनी पाहिलं, त्यांनी उभं राहायचं. शेजाऱ्याकडे बघायचं नाही. ज्याचं त्याने.

उद्या सकाळी माझा टेम्पो नाक्यावर उभा असेल. उभा राहिलेला माणूस एक असो की पन्नास, ठाण्यात मी त्याच्याबरोबर जाईन, कोर्टात जाईन, त्याच्या ओट्यावर झोपायला लागलं तर झोपेन.

मी खाली बसणार आहे. इतक्या लोकांत, त्याच्या आईच्या समोर, मी खाली बसणार. मी पाहिलं नाही.

निखिल, बाळा, तुझा फळा वाकवला त्यांनी. मी तो सरळ करतोय. घाव राहतील पत्र्यावर, राहू देत.

उठा.